आदिवासी समाज आणि मधुमेह : प्रश्न अचूक निदानाचा

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली आणि कुरुदसारखी परिसरातील गावे क्रमाने औद्योगिक नगरीच्या परिघात आली. अशा स्थित्यंतरात श्रम व आहार बदलतात, तसेच रोगांचे स्वरूपही बदलते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, तर १३.६ कोटी लोक त्याच्या पूर्वावस्थेत आहेत. परंतु या सरासरीआड सामाजिक गटांमधील भेद झाकले जातात. २०११ च्या जनगणनेनुसार छत्तीसगढची ३०.६ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची असल्याने येथे हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

मधुमेह हा केवळ स्थूल व्यक्तींचा विकार नव्हे. गर्भावस्थेतील कुपोषणामुळे पुढील आयुष्यात मधुमेहाचा धोका वाढतो, याकडे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने लक्ष वेधले. कुपोषणाशी निगडित मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये ‘प्रकार ५’ म्हणून मान्यता दिली. म्हणजेच दारिद्र्य हेदेखील जोखमीचे कारण आहे.

दुसरी अडचण निदानाची आहे. एचबीएवनसी चाचणी मागील दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दर्शविते. ही चाचणी तांबड्या पेशींच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुर्मानावर आधारलेली आहे. सिकलसेल आजारात या पेशी लवकर नष्ट होतात. परिणामी शर्करा वाढलेली असूनही चाचणीचा आकडा कमी येऊ शकतो. छत्तीसगढ व विदर्भातील अनेक आदिवासी, तसेच काही बिगर आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. अशा रुग्णांत उपाशीपोटी व ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी केलेली रक्तशर्करेची तपासणी अधिक विश्वासार्ह ठरते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाची तपासणी व मधुमेहाची तपासणी यांची सांगड घातल्यास चुकीचे निदान टाळता येईल.

तिसरा प्रश्न खर्चाचा आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. मात्र ते प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळते. मधुमेहाचा भार याउलट दरमहाची औषधे, तपासण्या व बुडालेली मजुरी यांतून पडतो. औषध खंडित झाल्यास मूत्रपिंड, डोळे व पाय यांची हानी होते आणि आज वाचविलेल्या खर्चाची किंमत उद्या कितीतरी पटींनी मोजावी लागते.

म्हणूनच छत्तीसगढ शासनाने २०१९ मध्ये सुरू केलेली आठवडी बाजारातील दवाखान्यांची कल्पना उद्‌बोधक आहे. रुग्णाची मजुरी न बुडविता सेवा त्याच्यापर्यंत नेणे, हे तिचे सूत्र होय. आरोग्यातील समता केवळ समान सेवा दिल्याने साधत नाही. प्रत्येक समाजाच्या जोखमीचा विचार करून सेवेची आखणी करणे, हाच समन्यायी विकासाचा खरा अर्थ आहे.