डहाणूचे डोंगर आणि एक हंडा पाणी

आमचे चिरंजीव कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेल्यापासून त्यांच्या खोलीच्या भिंतीवर काश्मीरचा एक भला मोठा नकाशा टांगलेला आहे. सोनमर्गपासून नारानागपर्यंत त्यावर तांबड्या शाईची एक रेघ मारलेली आहे, आणि त्या रेघेवर निळ्या टिकल्यांसारखी नावे आहेत: विशनसर, किशनसर, गडसर, सतसर, गंगाबल. जेवताना, दात घासताना, अभ्यासाचे सोंग करताना हीच नावे आमच्या कानांवर पडू लागली. सौ.ने एकदा विचारलेसुद्धा, "अरे, ही कोणाची स्थळे सांगून आली आहेत का?"

त्या सरोवरांचे आकर्षण मला समजत नाही असे नाही. हजारो वर्षे बर्फाचे प्रवाह डोंगरावरून सरकत राहिले, त्यांनी खडक खरवडून वाटीसारखे खळगे केले, वाहून आणलेल्या दगडगोट्यांचे बांध घातले, आणि बर्फ मागे हटल्यावर त्या वाट्यांत पाणी साचले. पण प्राध्यापकाच्या खिशालाही बर्फासारखाच सरकण्याचा गुण असतो. म्हणून मी तोड काढली. म्हटले, "आधी घरचा डोंगर चढून दाखव. मग काश्मीरचे बघू."

घरचा डोंगर म्हणजे डहाणू-तलासरीचा. आम्ही विरारचे. २०१३ पासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जाते, त्यामुळे सह्याद्रीची ही उत्तरेकडची पिलावळ आम्हांला अक्षरशः लोकलच्या अंतरावर. तरी आमच्या ओळखीतली मंडळी डहाणू म्हटले की चिकू आणि बोर्डीचा किनारा एवढेच आठवतात. गाडीच्या पूर्वेकडच्या खिडकीतून दिसणाऱ्या निळ्या कडांची नावे विचारली तर शंभरांत एकालाही सांगता येणार नाहीत.

शिमग्याला जोडून दोन दिवस सुटी मिळाली आणि आम्ही निघालो. इथेच पहिली चूक झाली. या डोंगरांत हिंडायचे ते कार्तिकापासून माघापर्यंत. फाल्गुनात पळस फुलतो हे खरे, पण त्याच सुमाराला ओढे आटतात. कवींनी पळसावर पुष्कळ लिहिले आहे, ओढ्यांवर मात्र फारसे नाही.

पहिला दिवस बारडच्या डोंगराचा. घोलवडला उतरून बोर्डीवरून अस्वालीच्या धरणाकडे जायचे आणि तिथून चढाला लागायचे. उंची फार नाही, दीड हजार फुटांच्या आसपास. सौ. अर्ध्या वाटेपर्यंत आली आणि मग "मला इथून समुद्र दिसतो आहे, तेवढा पुरे" असे म्हणून सावलीत बसली. वर बहरोटची लेणी आहेत. इराणातून आलेले पारशी प्रथम संजाणला उतरले, हे आपण शाळेत शिकलो. पण पुढची हकीकत फार थोड्यांना माऊक असते. सुलतानाच्या फौजेने संजाण घेतले तेव्हा त्यांचे धर्मगुरू पवित्र अग्नी घेऊन याच डोंगरावर आले आणि बारा वर्षे तो इथे तेवत ठेवला, असे 'किस्सा-ए-संजाण' या सोळाव्या शतकाच्या अगदी अखेरीस रचलेल्या फारसी काव्यात सांगितले आहे. पुढे अग्नी चौदा वर्षे वांसद्याला राहिला, मग नवसारीला गेला, आणि १७४२ पासून तो उदवाड्याला आहे. पारशी भाविक आजही या डोंगरावर येतात.

त्या अंधाऱ्या कोरीव दालनात उभे राहिल्यावर माझ्या मनात भक्तीपेक्षा संसारी विचारच जास्त आले. बारा वर्षे अखंड अग्नी म्हणजे बारा वर्षे रोजची लाकडे. माणसे राहिली म्हणजे धान्य आले, पाणी आले. हे सारे कोणाच्या डोक्यावरून वर आले असेल? काव्यात ते येत नाही.

दुसऱ्या दिवशी गंभीरगड. अहमदाबाद महामार्गावरच्या चारोटीहून पूर्वेला वळले की सूर्या नदीच्या काठचे कासा, पुढे सायवन, आणि मग पाडे सुरू होतात. महामार्गावर असताना महालक्ष्मीचा डोंगर पाठ सोडत नाही. त्याचा उभा सुळका एकदा पाहिला की विसरत नाही. पायथ्याशी विवळवेढ्याला देवीचे मंदिर आहे. चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस तिथे जत्रा भरते आणि जत्रेतल्या एका रात्री पुजारी ध्वज घेऊन अंधारात तो डोंगर चढून जातो. आम्ही बूट, काठी, टोपी अशा सरंजामानिशी निघालो होतो, त्यामुळे ही गोष्ट मी चिरंजिवांना मुद्दाम सांगितली.

गंभीरगडाची उंची सव्वादोन हजार फुटांहून थोडी जास्त. पायथ्याच्या पाड्यात एका गृहस्थाने "मास्तर, वाट दाखवायला माणूस घ्या" असे बजावले होते. चिरंजिवांनी खिशातला फोन काढून त्यावरची वाट दाखवली आणि म्हणाले, "बाबा, यात सगळे आहे." मीही मान हलवली. ही दुसरी चूक, आणि ती माझी. पंचवीस वर्षे पोरांना शिकवून मला एवढे तरी कळायला हवे होते.

चढताना काही बिघडले नाही. साग उघडा पडला होता, मोहाची फुले टपटपत होती आणि ती वेचायला बायका-पोरे पहाटेपासून रानात आली होती. वर भन्नाट वारा होता. दक्षिणेला सूर्येचे खोरे, पश्चिमेला महालक्ष्मीचा सुळका, पूर्वेला जव्हारकडचे डोंगर. वारली चित्रांत डोंगर त्रिकोणासारखा का असतो ते इथे बसल्यावर उमगते. ती कला जगभर नेणारे जिव्या सोमा मशे याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०१८ मध्ये ते गेले. वर बसून आम्ही पुऱ्या खाल्ल्या आणि चिरंजिवांनी उरलेल्या पाण्यातल्या अर्ध्याने तोंड धुतले.

उतरताना फोन मुका झाला. ज्या वाटेने उतरलो ती वाट गुरांची होती आणि ती एका कोरड्या ओहोळात येऊन संपली. दुपारचा एक वाजला होता. काळा पाषाण तव्यासारखा तापलेला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर. बर्फाने ते कधी खरवडले नाहीत, त्यामुळे पाणी धरून ठेवणाऱ्या त्या वाट्या इथे नाहीत. चार महिने पाऊस धो धो कोसळतो आणि घसरगुंडीवरून सुटल्यासारखा समुद्राला मिळतो. म्हणून तर जुन्या लोकांनी गडांवर खडक फोडून टाकी खोदली. महामार्गालगतच्या अशेरीगडावर, जिथे पोर्तुगीजांचा राजमुकुट कोरलेला दगड आहे, तिथली टाकी मी पूर्वी पाहिली होती. आपली सरोवरे ती हीच, हाताने खोदलेली. ही सारी विद्वत्ता मला त्या ओहोळात आठवत होती आणि जीभ टाळ्याला चिकटली होती. अर्ध्या तासात पाण्याची बाटली संपली. माझ्या पोटऱ्यांत गोळे आले आणि मी एका दगडावर बसलो तो उठेनाच. मुलाचा चेहरा उतरला. "बाबा, बोला ना काहीतरी," असे तो दोनदा म्हणाला. एरवी मी बोलायला लागलो की तो खोलीतून निघून जातो.

तेवढ्यात खालून बोलण्याचा आवाज आला. दोन बायका ओहोळातून वर येत होत्या. डोक्यावर हंडे, हंड्यांवर कळशा. पुढची माझ्या आईच्या वयाची असेल. तिने आमच्याकडे एकदा पाहिले, काही विचारले नाही, कळशी उतरवली आणि म्हणाली, "ओंजळ धरा." मी प्यालो, मुलगा प्याला, पुन्हा मी प्यालो. कळशी निम्मी झाल्यावर मला भान आले. तिने मुलाच्या हातातली रिकामी बाटली ओढून घेतली आणि तीही भरली.

पाणी कुठून आणले, असे मुलाने विचारले. ओहोळाच्या खालच्या अंगाला वाळूत खड्डा खणला होता. त्यात वाटी वाटी पाणी झिरपते. वाटीने भरत बसायचे. हंडा भरायला पाऊण तास. त्या पहाटेपासून निघालेल्या होत्या आणि ही दुसरी खेप होती. आम्ही दोघांनी मिळून तिची जवळजवळ अर्धी सकाळ पिऊन टाकली होती.

त्यांनीच आम्हांला पाड्यावर आणले. मी पाकीट काढले तर ती हसली आणि म्हणाली, "पाण्याचे काय पैसे घ्यायचे?" मी ते पाकीट परत खिशात घातले तेव्हा मला फार ओशाळल्यासारखे झाले. रात्र त्यांच्याच अंगणात काढली. म्हातारीच्या मुलाने २०१८ च्या नोव्हेंबरापासून सुरू झालेल्या भूकंपाच्या धक्क्यांची हकीकत सांगितली. धुंदलवाडीकडे जमिनीच्या पोटातून ढग गडगडल्यासारखा आवाज येई, आणि कितीतरी कुटुंबे थंडीत घराबाहेर झोपत. आमच्या घरी त्या काळात वर्तमानपत्रात चार ओळी वाचल्याचे मला अंधुक स्मरते. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' मी वर्गात कितीदा तरी सांगितले आहे. १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध जे वारली उठले ते याच पायवाटांनी जमले होते. आम्ही ज्यांना हौसेने 'ट्रेक'च्या वाटा म्हणतो त्या वाटा माणसांच्या कामाच्या आहेत, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पायांना त्या दिवशी कळले.

पहाटे जाग आली तर चिरंजीव अंथरुणावर नाहीत. गेले होते त्या बायकांबरोबर. ऊन वर आल्यावर ते परतले तेव्हा त्यांच्या डोक्यावर चुंबळ होती, चुंबळीवर हंडा, दोन्ही हातांनी तो घट्ट धरलेला, आणि सदरा कमरेपर्यंत भिजलेला. हंड्यात निम्मेच पाणी उरले होते. पाड्यातल्या पोरी तोंडाला पदर लावून हसत होत्या. म्हातारीने हंडा उतरवून आत पाहिले आणि म्हणाली, "बरा आणला. भात होईल एवढ्यात."

परतताना लोकलमध्ये मुलगा बराच वेळ फोनवर नकाशा बघत होता. वैतरणा ओलांडल्यावर एकदम म्हणाला, "बाबा, आपल्या नळाला पाणी कुठून येते?" मी सांगितले. सूर्या नदीवर धामणीला धरण आहे, खाली कवडासला बंधारा आहे, तिथून ते वसई-विरारला येते. गडावरून दक्षिणेला जे खोरे पाहिले, तेच. तो पुढे काही बोलला नाही.

काश्मीरचा नकाशा अजून भिंतीवर आहे आणि पुढच्या श्रावणात विशनसर-गंगाबलला जाण्याचे त्याचे घाटते आहे. मी नाही म्हटलेले नाही. त्याआधी मार्गशीर्षात आम्ही पुन्हा गंभीरगडाला जाणार आहोत. या खेपेस सौ.ही येते आहे. वाट दाखवायला म्हातारीचा मुलगा ठरलेला आहे. माणशी चार लिटर पाणी इथूनच भरून न्यायचे, आणि म्हातारीने निरोप धाडला आहे की पोराला सांगा, तोवर घरी भरल्या हंड्याचा सराव कर. सौ.ने माळ्यावरचा पितळी हंडा खाली काढून ठेवला आहे.