नाताळच्या झाडासाठी कागदी घड्यांची आरास : कागद कोणता, घडी कशी?

झोटवाडा (जयपूर) : नाताळ जवळ आला की प्लॅस्टिकचे चकचकीत गोळे, चमकीच्या माळा आणि चंदेरी तारे यांनी बाजारपेठा भरून जातात. या वस्तू महाग नसतात. प्रश्न उभा राहतो तो सण सरल्यावर, कारण त्यांतील बहुतेक वस्तू पुन्हा वापरल्या जात नाहीत आणि मातीत मिसळतही नाहीत. केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून एकल वापराच्या ज्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली, त्यांत सजावटीच्या थर्माकोलचाही समावेश आहे. या पार्श्वभूमीवर ओरिगामीची आरास हा हौसेपलीकडचा, व्यवहार्य पर्याय ठरतो.

जपानी भाषेत 'ओरी' म्हणजे घडी आणि 'कामी' म्हणजे कागद. कात्री आणि डिंक यांना दूर ठेवून एकाच चौरस कागदातून आकृती साकारणे, ही या कलेची रूढ शिस्त. महाराष्ट्राला ती नवखी नाही. पुण्याचे लेखक डॉ. अनिल अवचट यांनी ती आवडीने जोपासली आणि आपल्या अनेक छंदांची ओळख 'छंदांविषयी' या पुस्तकातून करून दिली. नाताळशी तिचा सर्वांत ठळक संबंध मात्र न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत दिसतो. तेथील कीटकशास्त्रज्ञ ॲलिस ग्रे यांनी आपल्या कार्यालयातील लहान झाड कागदी प्राण्यांनी सजवले. १९७० च्या दशकापासून तेथे प्रेक्षकांसाठी असे मोठे झाड उभे राहू लागले. त्यासाठीच्या शेकडो कलाकृती स्वयंसेवक कित्येक महिने आधीपासून घडवत असतात.

आरास बिघडते ती बहुधा हातामुळे नव्हे, कागदामुळे. शाळेच्या प्रकल्पांत वापरली जाणारी जाड कार्डशीट घडीवर फाटते आणि पांढरी रेघ उमटवते. जयपूरकरांची या बाबतीत सोय आहे. मकरसंक्रांतीला येथे पतंगबाजी रंगते, त्यामुळे डिसेंबरातच पतंगाचा कागद सहज मिळतो. तो पातळ असून घडी नेमकी धरतो आणि मागून प्रकाश आला की उजळतो. शहराच्या वायव्येला झोटवाडा, तर दक्षिणेला सांगानेर. सांगानेरच्या कागझी समाजाने सुती चिंध्यांच्या लगद्यापासून हातकागद करण्याची परंपरा राखली आहे. तेथील राष्ट्रीय हातकागद संस्थेला ज्या जे. सी. कुमारप्पांचे नाव आहे, त्यांनी ग्रामोद्योगांचे कार्य वर्ध्याच्या मगनवाडीतून चालवले होते, हे मराठी वाचकांना ठाऊक असावे.

हातकागद चिवट असला तरी जाड असतो. बारीक घड्यांच्या कामाला तो उपयोगी नाही. खळ असलेल्या जाड कागदाला किंचित ओलावा देऊन घडी घालण्याची पद्धत जपानचे अकिरा योशिझावा (१९११-२००५) यांनी रूढ केली. मात्र ती नवशिक्यांसाठी नव्हे. अशा कागदाच्या पट्ट्या काढून विणलेला 'फ्रोबेल तारा' करणे अधिक सोपे. बालवाडीच्या संकल्पनेचे जनक फ्रेडरिक फ्रोबेल यांच्या नावाने जर्मनीत ओळखला जाणारा हा तारा चार समान पट्ट्यांपासून बनतो. पट्टी १ सेंटीमीटर रुंद असेल तर लांबी सुमारे ३० सेंटीमीटर हवी. येथे कात्री लागते, त्यामुळे कट्टर ओरिगामीकार नाक मुरडतील!

झाडावरच्या गोळ्याची जागा घेतो तो कागदी फुगा. १५ सेंटीमीटरचा चौरस घेऊन रंगीत बाजू खाली ठेवावी. दोन्ही कर्णांवर घड्या घालून उघडाव्यात. कागद पालथा करून मधोमध एक आडवी घडी घालावी आणि तीही उघडावी. कागद पुन्हा उलटून आडव्या घडीची दोन्ही टोके आत ढकलली की चार पाकळ्यांचा त्रिकोण बसतो. पाकळ्यांची खालची टोके शिखराशी न्यावीत. पुढच्या दोन आणि मागच्या दोन. तयार झालेल्या चौकोनाचे डावे-उजवे कोपरे दोन्ही बाजूंनी मध्यरेषेवर आणावेत. आता शिखराजवळची सुटी टोके या लहान त्रिकोणांच्या खिशांत खोचावीत. खोचण्याची ही पायरी घाईत केली तर फुगा उघडतो, म्हणून प्रत्येक घडी आधी नखाने ठसवून घ्यावी. शेवटी दुसऱ्या टोकाच्या छिद्रातून फुंकर मारली की सुमारे पावणेचार सेंटीमीटर बाजूचा पोकळ ठोकळा फुगतो. घरी आकाशकंदील करणाऱ्या कुटुंबांत मुलांना हे दुसऱ्या प्रयत्नात जमते.

सुईने दोरा ओवून फुगा टांगावा. माळ एलईडी दिव्यांचीच असावी. जुन्या पद्धतीचे तापणारे बल्ब आणि मेणबत्त्या यांच्याजवळ कागद नकोच. जयपूरच्या कोरड्या थंडीत घड्या ताठ राहतात. मुंबई, वसई किंवा गोव्याच्या दमट हवेत मात्र पतंगाचा कागद सैलावतो, तेथे थोडा जाड, गुळगुळीत कागद घ्यावा. सण झाल्यावर फुगे दाबून सपाट करता येतात. लिफाफ्यात दोन कडुनिंबाची वाळलेली पाने घालून ते ठेवले की कसर लागण्याची भीती कमी होते आणि पुढच्या डिसेंबरात एका फुंकरीने ते पुन्हा उभे राहतात.