५० किलोंच्या वर नाही

वाशीचा कांदा-बटाटा बाजार. पहाट अजून फटफटायची आहे. जुन्नरकडून आलेला ट्रक गाळ्याला लागलाय, फाळका खाली आहे आणि काम बंद. मुकादमानं एक गोणी काट्यावर ठेवायला लावली आहे. आकडा ५४ वर थांबतो.

"शेठ, ५०च्या वर उचलत नाय आपण."

"चार किलोनं काय होतंय मुकादम? गिऱ्हाईक खोळंबलंय."

"दोनशे गोण्यांचे आठशे किलो होतात. ते कोण वाहणार?"

शेठ फोन कानाला लावतो. त्याच्या टोळीतले हमाल तोवर तंबाखू मळत निवांत बसतात. मला हे निवांत बसणंच बघण्यासारखं वाटतं. मशीद बंदरच्या जुन्या बाजारात १०० किलोची गोणी नाकारणाऱ्या हमालाच्या जागी लगेच दुसरा उभा राहायचा. आज या गाळ्याचं काम याच टोळीचं आहे. शेठला तिला डावलून रस्त्यावरचा माणूस आणता येत नाही.

हा १९६९च्या माथाडी कायद्याचा प्रताप. हमाल सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. त्याचा मालक म्हणायचा कोणाला? अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेल्या कायद्यानं मध्ये मंडळ बसवलं. व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची. मंडळानं पगार द्यायचा, लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी भागवायची. पाटील पाटण तालुक्यातले, स्वतः ओझी वाहिलेले. मालक शोधत बसण्यापेक्षा हिशेबाची जागा ठरवावी, ही अक्कल मला कायद्याच्या कलमांपेक्षा मोठी वाटते.

शेजारी बसलेले मामा जावळीचे. मानेवर, खांद्याच्या जरा वर, कातडी घट्टा पडून काळी झाली आहे. राहायला कोपरखैरण्यात, माथाड्यांच्या वसाहतीत. मुलगी फार्मसीला आहे.

"आणि मुलगा?"

"तो नाय येत गोणी उचलायला. माझी जागा भाच्याला द्यायची म्हणतोय मी."

जागा द्यायची! टोळीतली जागा घरच्या वतनासारखी फिरते, हे इथं कोणी लपवतही नाही. आतल्याला संरक्षण आहे, बाहेरच्याला दार सापडत नाही. माथाडींचं नाव सांगून खंडणी उकळणारे वेगळेच. त्यांच्यामुळे खऱ्या टोळ्याही बदनाम होतात.

शेठचा फोन संपतो. जड गोण्या खालीच उघडायच्या, जास्तीचा कांदा काढायचा, असं ठरतं. दोघं गोण्यांची तोंडं सोडतात. माल क्रेटमध्ये पडतो, सालपटं उडतात. अर्धा तास जातो. शेठ घड्याळ बघतो आणि माझ्यावर घसरतो.

"लिहा, हेपण लिहा. २०१६ला फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला. आता माल परस्पर बाहेरच्या गोदामात उतरतो. तिथं यूपी-बिहारची पोरं रोजावर. ना नोंद, ना लेव्ही. मी भरतो म्हणून मीच महाग!"

मुकादम मान वर न करता म्हणतो, "मग त्या पोरांची नोंद करायला लावा की. कायदा तिथंपण लागतोय."

"माझी लेव्ही कमी करा म्हणतोय मी."

"त्यानं पोरांना काय मिळणार शेठ?"

शेठ क्षणभर गप्प. "बरं, लावा नोंद. पण आधी त्या गोदामवाल्याची वसुली करा, मग माझ्या दारात या."

"अर्ज दिलाय," मुकादम म्हणतो, आणि पुढची गोणी काट्यावर चढवायला सांगतो.