वांद्रे शोधताना संगणक का अडखळतो?

लोकल गाडी स्थानकात शिरते, फलकावर 'वांद्रे' दिसते आणि आपण दाराकडे सरकतो. कोणी 'वांद्र्याला उतरायचंय का?' असे विचारले, तरी आपला गोंधळ होत नाही. 'वांद्रेकर' हे आडनाव ऐकून मात्र स्थानक आले असे कोणी समजत नाही. हे सारे आपण विचार न करता करतो. हेच काम संगणकाला सांगितले तर? एक छोटा प्रयोग करू.

समजा, एका शाळेच्या यादीत पुढील चार ओळी आहेत :

वांद्रे स्थानक
वांद्रेकर, इयत्ता नववी
मुक्काम वांद्र्यात
वांद्रे पूर्व, ४०००५१

ज्या ओळींत 'वांद्रे' हा सुटा, पूर्ण शब्द आहे त्या आपल्याला हव्या आहेत. उत्तर सोपे आहे : पहिली आणि चौथी. आता हाच प्रश्न, त्याच शब्दांत, तीन संगणक भाषांना विचारू. पर्ल सांगते, पहिली आणि चौथी. जावास्क्रिप्ट सांगते, एकही नाही. आणि पायथन सांगते, फक्त दुसरी! म्हणजे नेमकी जी नको होती, ती. प्रश्न एक, उत्तरे तीन. असे का व्हावे?

शोधसूत्र म्हणजे काय?

मजकुरात काय शोधायचे ते संगणकाला थोडक्यात सांगण्याच्या लेखनपद्धतीला 'रेग्युलर एक्स्प्रेशन' म्हणतात. आपण तिला शोधसूत्र म्हणू. सूत्रातील साधी अक्षरे स्वतःलाच शोधतात. काही खुणांना मात्र खास अर्थ असतो. टिंब म्हणजे 'कोणतेही एक चिन्ह'. उभी रेघ म्हणजे 'किंवा'. 'वांद्रे|बांद्रा' असे लिहिले की दोन्हींपैकी कोणतेही नाव सापडते.

या कल्पनेचा जन्म गणितात झाला. अमेरिकन गणिती स्टीफन क्लीनी यांचा या विषयावरील निबंध १९५६ साली प्रसिद्ध झाला. १९६८ साली केन टॉम्प्सन यांनी अशी सूत्रे संगणकाकडून झटपट कशी तपासून घ्यावीत, याची रीत प्रसिद्ध केली. त्यांचेच 'ग्रेप' हे शोधसाधन १९७३ च्या सुमारास युनिक्स प्रणालीत आले. पुढे १९८७ साली पर्ल ही भाषा आली आणि तिने सूत्रांत अनेक नव्या खुणांची भर घातली.

प्रत्येक नव्या साधनाने जुन्या खुणा उचलल्या, पण थोडा फेरफार करून. उदाहरणार्थ, अधिकचे चिन्ह. जुन्या ग्रेपमध्ये ते म्हणजे नुसते अधिकचे चिन्ह; पर्ल, पायथन, जावास्क्रिप्टमध्ये त्याचा अर्थ 'आधीचे चिन्ह एकदा किंवा अनेकदा'. १९९२ साली पॉझिक्स नावाचे प्रमाण ठरले, तेव्हा त्यातही साधी आणि विस्तारित अशा दोन पद्धती ठेवाव्या लागल्या!

'किंवा'सुद्धा सगळीकडे सारखा नाही. 'वांद्रे|वांद्रे पूर्व' हे सूत्र चौथ्या ओळीवर चालवा. पॉझिक्सच्या नियमाप्रमाणे सर्वांत लांब जुळणारा तुकडा, म्हणजे 'वांद्रे पूर्व' मिळतो. पर्ल, पायथन आणि जावास्क्रिप्ट मात्र सूत्रात जो पर्याय आधी लिहिला तो जुळला की थांबतात. त्यांच्या हाती फक्त 'वांद्रे' लागते.

'वांद्रे'त अक्षरे किती?

आता आपल्या कोड्याकडे वळू. 'वांद्रे' या शब्दात अक्षरे किती? तुम्ही म्हणाल, दोन : 'वां' आणि 'द्रे'. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत मात्र हा शब्द सात चिन्हांनी लिहिला जातो : व, काना, अनुस्वार, द, पाय मोडण्याची खूण, र आणि मात्रा. यांतील प्रत्येक चिन्ह साठवायला, नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत, तीन बाइट लागतात. म्हणजे एकूण एकवीस बाइट.

तेव्हा सूत्रातले एक टिंब नेमके कशाला जुळावे? ग्रेपला मजकूर साध्या इंग्रजी पद्धतीने वाचायला सांगितले, तर एक टिंब म्हणजे एक बाइट आणि हा शब्द एकवीस टिंबांचा. पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये तो सात टिंबांचा. पर्लमध्ये उलटी तिरपी रेघ आणि मोठ्या लिपीतील 'एक्स' अशी एक वेगळी खूण आहे. ती डोळ्यांना दिसणारे एक अक्षर उचलते. पण येथेही गंमत आहे. जुन्या युनिकोडप्रमाणे ही खूण 'वां', पाय मोडलेला 'द्' आणि 'रे' असे तीन तुकडे करी. देवनागरी जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली आला. त्या नियमाने दोनच तुकडे होतात. पहिलीतल्या मुलाचे उत्तर संगणकाला कळायला इतकी वर्षे लागली!

शब्द कोठे संपतो?

आपल्या प्रयोगात 'पूर्ण शब्द' सांगण्यासाठी शब्दाच्या दोन्ही टोकांना 'शब्दसीमा' ही खूण लावलेली होती. सीमा ओळखण्याचा नियम साधा आहे : एका बाजूस शब्दात चालणारे चिन्ह आणि दुसऱ्या बाजूस न चालणारे चिन्ह, किंवा ओळीचे टोक असले, की ती सीमा. सारा घोटाळा 'शब्दात चालणारे चिन्ह' कोणते, यात आहे.

जावास्क्रिप्टच्या मते अशी चिन्हे म्हणजे इंग्रजी अक्षरे, इंग्रजी आकडे आणि अधोरेषा एवढीच. तिच्या लेखी 'व' शब्दात बसतच नाही. मग सीमा कोठून सापडणार? म्हणून उत्तर आले, एकही नाही.

पायथन जगातल्या सर्व लिप्यांची अक्षरे आणि आकडे मानते. पण काना, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण यांना ती अक्षर मानत नाही. आता 'वांद्रे स्थानक' पाहा. शेवटचे चिन्ह मात्रा, तिच्यापुढे मोकळी जागा. दोन्ही 'शब्दाबाहेरची', म्हणून सीमा नाही आणि ओळ हुकली. 'वांद्रेकर'मध्ये मात्रेपुढे 'क' येतो. मात्रा बाहेरची, 'क' आतला, झाली सीमा! म्हणून नेमके आडनाव हाती लागले.

पर्लने मात्रांनाही शब्दात स्थान दिले आहे. युनिकोडच्या अठराव्या क्रमांकाच्या तांत्रिक प्रमाणाची शिफारस तशीच आहे. रस्ट भाषेचे प्रचलित शोधसाधनही तीच पाळते. जावात त्यासाठी वेगळी सूचना द्यावी लागते. ती सोय २०११ च्या सातव्या आवृत्तीपासून आहे.

आकड्यांचेही असेच आहे. 'कोणतेही सहा अंक' असे अंकांच्या खुणेने शोधले, तर पायथनला ४०००५१ हा पिनकोड सापडतो. जावास्क्रिप्टला तो इंग्रजी आकड्यांत लिहिला तरच सापडतो.

हे का महत्त्वाचे?

शाळेचा प्रवेश, शिष्यवृत्ती, दाखले यांचे अर्ज आता संगणकावर भरले जातात. 'नावात फक्त अक्षरे असावीत' अशी अट घालणाऱ्याने वरची खूण बेसावधपणे वापरली, तर 'सीमा' हे नावही चुकीचे ठरेल, कारण त्यात वेलांटी आणि काना आहेत! यादीतून एखाद्याचे नाव गळाले तर दोष त्या मुलाचा नसतो. सूत्र लिहिणाऱ्याने आपली लिपी तपासून पाहिली नाही, हा असतो.

यावर उपाय आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ घरांचा एक सलग पट्टा दिलेला आहे. 'शब्दसीमा' म्हणण्याऐवजी 'आधी आणि नंतर या पट्ट्यातील चिन्ह नको' असे सूत्र लिहिले, की पायथन आणि आजची जावास्क्रिप्टही पहिली आणि चौथी ओळ बरोबर देतात. गो भाषेच्या मूळ संचात मात्र असे 'मागेपुढे पाहणे' चालत नाही. तेथे दुसरी वाट शोधावी लागते.

करून पाहा

शाळेच्या संगणकावर वरच्या चार ओळी लिहा आणि दोन भाषांत त्या तपासा. नंतर नुसते 'वांद्र' शोधा. मात्रा सोडल्यामुळे 'वांद्रे' आणि 'वांद्र्यात' दोन्ही सापडतील. पण आडनावही येईल. शेवटी एक प्रश्न. दंड (।) हे विरामचिन्हही त्याच १२८ घरांच्या पट्ट्यात आहे. मग 'आम्ही राहतो ते वांद्रे।' या ओळीवर वरचा उपाय चालेल का? नसेल, तर सूत्र कसे सुधाराल? वहीत उत्तर लिहा, मग संगणकाला विचारा.