पहिल्या इयत्तेतील इंग्रजी आणि मुलाचे गणित

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध हे गाव तलाव आणि पक्षी यांसाठी सर्वत्र परिचित आहे. मात्र या परिसराचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे येथे नांदणाऱ्या भाषा. शेतकऱ्याच्या तोंडी झाडीबोली, जंगलालगतच्या वस्त्यांत गोंडी, बाजारात हिंदी, तर राज्याच्या सीमेपलीकडून आलेल्यांची छत्तीसगढी. अशा भागातील जैन व्यापारी कुटुंबात घरी मारवाडी किंवा गुजराती बोलली जाते आणि गल्ल्यावर मराठी-हिंदी. दुकानात वावरणारे सहा वर्षांचे मूल शाळेची पायरी चढण्यापूर्वीच दोन-तीन भाषांशी परिचित झालेले असते. त्यात इंग्रजीची भर पडते. म्हणूनच प्रवेशाच्या दिवसांत घरोघरी एकच प्रश्न चर्चिला जातो : परकी भाषा लहानपणी शिकल्याने मुलाचा इतर अभ्यास सुधारतो की मागे पडतो?

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून शिकवली जात असे. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० सालापासून ती पहिलीपासून सुरू झाली. खेड्यातील मूल शहरातील मुलाच्या मागे राहू नये, हा त्यामागील हेतू होता. पुढे गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि इतर विषय मराठीतून, अशी सेमी इंग्रजीची वाटही रूढ झाली. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या निर्णयावर मोठा वाद झाला आणि जूनअखेर शासनाने तो निर्णय मागे घेतला. कोवळ्या वयात भाषांचा भार किती असावा, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा ऐरणीवर आला.

याविषयी परदेशांत झालेले अभ्यास उद्बोधक आहेत. कॅनडातील सेंट लॅम्बर्ट येथे १९६५ मध्ये इंग्रजी भाषक पालकांच्या आग्रहाने मुलांना आरंभापासून फ्रेंचमधून शिकवण्याचा प्रयोग झाला. सुरुवातीला ही मुले इंग्रजी वाचनात मागे पडली. पण शाळेत इंग्रजीचे पाठ सुरू झाल्यावर त्यांनी ती उणीव भरून काढली आणि गणितातही ती मागे राहिली नाहीत. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील १९८६ च्या पाहणीत, प्राथमिक वर्गांत परकी भाषा शिकणाऱ्या मुलांना स्वभाषेच्या चाचणीत अधिक गुण मिळाल्याचे दिसले. शाळेचा दर्जा आणि घरची परिस्थिती यांचाही अशा निष्कर्षांत वाटा असू शकतो. तरीही परकी भाषा शिकल्याने मुलाची बुद्धी शिणते, ही भीती अनाठायी ठरते.

परंतु येथेच पालकांची गफलत होते. कॅनडातील त्या मुलांची स्वभाषा घरी, रस्त्यावर आणि वृत्तपत्रांत सर्वत्र प्रतिष्ठित होती. ती हरवण्याचा धोका नव्हता. शिवाय त्यांचे शिक्षक फ्रेंचमध्ये पारंगत होते. लुइझियानात तर परकी भाषा हा केवळ एक विषय होता. गणित मुले आपल्याच भाषेत शिकत होती. भाषा विषय म्हणून शिकणे आणि तिच्या माध्यमातून सर्व विषय शिकणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचे लाभ दाखवून दुसरीचा निर्णय घेणे म्हणजे एका खात्यातील जमा दुसऱ्या खात्यात दाखवण्यासारखे आहे.

एक साधे उदाहरण पाहावे. पन्नास किलोच्या पोत्यातून अठरा किलो तांदूळ विकला तर किती उरला, हे व्यापाऱ्याचे मूल दुकानात उभ्या उभ्या सांगते. हेच उदाहरण इंग्रजी पुस्तकात आले की ‘रिमेनिंग’ या शब्दापाशी ते अडते आणि दोन्ही संख्यांची बेरीज करून मोकळे होते. त्याला वजाबाकी येत असते. अडसर असतो तो भाषेचा. प्रगतिपुस्तकावर मात्र गणितात कच्चे, असाच शेरा उमटतो. मूलही स्वतःला तसेच समजू लागते, ही हानी गुणांपेक्षा मोठी आहे.

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार येथे उपयुक्त ठरतो. मूल एका भाषेत वाचणे, तर्क करणे, मुद्दा मांडणे शिकले की ती क्षमता दुसऱ्या भाषेतही उतरते. मात्र पहिल्या भाषेत ती पुरेशी रुजलेली असावी लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या किंवा परिसराच्या भाषेतून शिक्षण द्यावे, असे म्हटले आहे.

व्यापारी समाजाला बहुभाषिकता नवी नाही. उद्योतनसूरींनी इसवी सन ७७९ मध्ये जालोर येथे पूर्ण केलेल्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत ग्रंथात विजयापुरीच्या बाजाराचे वर्णन आहे. तेथे निरनिराळ्या देशांचे व्यापारी आपापल्या भाषेत बोलताना दिसतात. त्यांत मराठी बोलणारेही आहेत. नवेगाव बांधला अनेक वर्षे वनाधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली यांचे उदाहरण तर अगदी जवळचे. त्यांनी संस्कृतबरोबर जर्मन आणि रशियन भाषांचाही अभ्यास केला. पण त्यांच्या लेखनाला मोल आले ते येथील आदिवासी, ढिवर यांच्याकडून वेचलेल्या पक्ष्यांच्या आणि झाडांच्या नावांमुळे.

मग पालकांनी काय करावे? इंग्रजी लवकर सुरू करावी. पण ऐकणे आणि बोलणे यांपासून, रोज थोडा वेळ. शाळा निवडताना इमारतीपेक्षा, शिक्षक स्वतः ती भाषा सहज बोलतात का, हे पाहावे. घरी मोडकी इंग्रजी बोलण्यापेक्षा स्वतःच्या भाषेत भरपूर बोलावे, गोष्टी वाचून दाखवाव्यात, दुकानाचा तोंडी हिशेब करून घ्यावा. मूल इंग्रजी माध्यमात असेल तर रोज एक धडा किंवा गणित त्याला घरच्या भाषेत समजावून सांगायला लावावे. जे सांगता येते, ते समजलेले असते. नुसते पाठ झालेले लगेच उघडे पडते.

कोलू पाटील कोहळी यांनी उभारलेल्या नवेगावच्या तलावाचे पाणी शेतापर्यंत पोहोचते, ते आधी पाळ भक्कम बांधली गेली म्हणून. पाट मागाहून कितीही काढता येतात. मुलाच्या शिक्षणातही हाच क्रम राखला, तर परकी भाषा त्याच्या अभ्यासाला ओझे न वाटता बळच देईल.