औषधाचा देहातला प्रवास – लेखांक ६ : गोळी तीच, लेव्हल वेगळी

मागच्या आठवड्यात आतड्यातली आणि यकृतातली विकरं औषधाची मोडतोड कशी करतात ते पाहिलं. आज त्यातलं सर्वांत जोखमीचं उदाहरण : किडनी प्रत्यारोपणानंतर बहुतेकांना कायम घ्यावं लागणारं टॅक्रोलिमस.

जपानमध्ये त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याच्या मातीतल्या एका जिवाणूत १९८४ साली ते सापडलं. परक्या किडनीवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशींना ते आवरतं. कमी पडलं तर शरीर किडनी नाकारतं. जास्त झालं तर हात थरथरतात, साखर वाढते आणि ज्या किडनीसाठी ते घ्यायचं तिलाच इजा होते. दोन्ही वेळा रिपोर्टात वाढतं ते क्रिएटिनिनच. केवळ त्या आकड्यावरून कारण कळत नाही, आणि बरेचदा बायोप्सीपर्यंत जावं लागतं.

गिळलेल्या गोळीतला सरासरी फक्त चौथा हिस्सा रक्तात पोचतो. बाकीचं औषध आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात अडतं. तिथे सीवायपी-३ए४ आणि ३ए५ ही दोन विकरं ते मोडतात, शिवाय अस्तरातला एक प्रथिनाचा पंप त्याला परत बाहेर लोटतो. ३ए५ हे विकर सगळ्यांत सारखं चालत नाही. युरोपीय वंशाच्या बहुतेकांत ते जवळपास बंद असतं, तर आपल्याकडे निम्म्याच्या आसपास लोकांत चालू असतं. अशांना सुरुवातीलाच दीडपट ते दुप्पट मात्रा द्यावी, असं २०१५ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते, अर्थात जनुक चाचणीचा निकाल हाताशी असेल तर. पण फ्रान्स आणि नेदरलँड्समधल्या चाचण्यांत जनुक पाहून मात्रा ठरवल्यामुळे रिजेक्शन काही कमी झालं नाही. रक्तातली लेव्हल वारंवार मोजली की डॉक्टर मात्रा दुरुस्त करतातच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : पैसे मोजकेच असतील तर ते आधी लेव्हलच्या तपासण्यांवर खर्च व्हावेत.

आणि लेव्हल एकदा जमली म्हणजे झालं, असंही नाही. मात्रा तीच असताना ज्यांची लेव्हल सतत वरखाली होते त्यांची किडनी लवकर निकामी होण्याचा धोका जास्त, हे रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी २०१० साली दाखवलं. ही वरखाली होण्याची कारणं रोजच्या जगण्यात असतात.

समजा, पुण्यात प्रत्यारोपण झालेल्या कोणाची आयटीतल्या नोकरीमुळे कोलकात्याच्या न्यू टाउनला बदली झाली. पहिला फरक प्रयोगशाळेचा. काही ठिकाणी इम्युनोअसे पद्धत असते, काही ठिकाणी मास स्पेक्ट्रोमेट्री. पहिल्या पद्धतीत औषधाचे मोडलेले तुकडेही थोडेफार मोजले जातात, म्हणून आकडा जास्त येतो. तो पाहून मात्रा घटवली तर खरी लेव्हल घसरते. तेव्हा जुने रिपोर्ट सोबत न्यावेत आणि नव्या डॉक्टरांना पद्धत कोणती होती तेही सांगावं. दुसरा फरक ब्रँडचा : दुकानदाराने बदलून दिलेली कंपनी डॉक्टरांना न विचारता स्वीकारू नये.

तिसरा फरक बाजारात दिसेल. पावसाळा सरता सरता तिथे बाताबी लेबूचे ढीग लागतात. हे आपलं पपनसच. ग्रेपफ्रूटप्रमाणे त्यातली फ्युरानोकुमारिन नावाची रसायनं आतड्यातलं ३ए४ निकामी करतात आणि औषध जास्त प्रमाणात रक्तात शिरतं. पपनस खाल्ल्यावर किडनी बदललेल्या रुग्णाची लेव्हल वाढल्याची नोंद २००३ मध्ये जपानी डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आहे. गोळी सकाळी आणि फळ संध्याकाळी, या हिशेबाने सुटका होत नाही, कारण निकामी झालेल्या विकराच्या जागी नवं तयार व्हायला एक-दोन दिवसांहून अधिक लागू शकतात. नागपुरी संत्र्याची मात्र भीती नको.

नव्या गावात पोट बिघडणंही आलंच. जुलाबात औषध बाहेर पडून लेव्हल घसरेल असं वाटतं, पण घडतं उलट. आतड्याच्या अस्तराला इजा झाली की तिथली विकरं आणि पंप मंदावतात, आणि टॅक्रोलिमस वाढतं. म्हणून जुलाब लागले की नुसतं ओआरएस पिऊन थांबू नये, लेव्हल तपासावी.

आपल्या देशात सर्वांत कठीण वेळ येते ती क्षयाची. क्षयावरचं रिफॅम्पिसिन हे औषध ३ए४ची निर्मितीच वाढवतं, टॅक्रोलिमसची लेव्हल कोसळते आणि मात्रा कैक पटींनी वाढवावी लागते. काही डॉक्टर म्हणून रिफॅब्युटिन निवडतात, त्याचा हा परिणाम सौम्य असतो. उपचार संपल्यावर रिफॅम्पिसिन थांबलं की दोनेक आठवड्यांत विकरं मूळ पातळीवर येतात, आणि वाढवलेली मात्रा तशीच राहिली तर तीच विषारी ठरते. त्या आठवड्यांत तपासण्या दाट ठेवाव्या लागतात.

याउलट, डिल्टियाझेम हे रक्तदाबाचं औषध मुद्दाम जोडून टॅक्रोलिमसची मात्रा आणि खर्च कमी करण्याची रीत भारतात आहे. तिची चर्चा पुढच्या लेखांकात.