फायटर माशाची लहान टाकी आणि पाण्याचे तापमान

शोभिवंत मासे पाळण्याचा छंद आपल्याकडे पूर्वी सधन घरांपुरता मर्यादित होता. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले आणि सर्वसामान्य कुटुंबांतील मुलांनी काचेपलीकडचे जलविश्व प्रथमच डोळे भरून पाहिले. सुरत शहरात पाल विभागात महानगरपालिकेने उभारलेले जगदीशचंद्र बोस मत्स्यालय २०१४ साली खुले झाले. तेथून परतणाऱ्या मुलांचा घरी एकच हट्ट असतो. मोठी टाकी, पंप, गाळणी यांचा खर्च न पेलणारे पालक मग एक फायटर मासा आणि एक काचेचा वाडगा विकत आणतात. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून येऊन उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थायिक झालेली हजारो मराठी कुटुंबे सुरतेत आहेत. त्यांच्या एकदोन खोल्यांच्या घरांत हा मासा पाहुणा म्हणून येतो, आणि पुष्कळदा पहिल्याच हिवाळ्यात किंवा पहिल्याच वैशाखात मरतो. दोष बहुधा माशाला किंवा विक्रेत्याला दिला जातो. खरे कारण पाण्याच्या तापमानात असण्याचा संभव अधिक असतो.

हा मासा मूळचा थायलंडचा. तेथील भातखाचरे, कालवे व दलदलीचे उथळ, संथ पाणी हे त्याचे घर. १९१० साली रीगन या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याला ‘बेट्टा स्प्लेंडन्स’ हे शास्त्रीय नाव दिले आणि २०१९ साली थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूस एक गुंतागुंतीचे श्वसनेंद्रिय असते. त्याच्या योगे तो पृष्ठभागावर येऊन हवेतील प्राणवायू घेऊ शकतो. पंपाविना लहान भांड्यात तो जगतो तो यामुळे. परंतु या एका गुणावरून ‘फायटर कशाही पाण्यात राहतो’ असा जो समज रूढ झाला आहे, तो मात्र निराधार होय. त्याला हवा वरून मिळते. ऊब मात्र पाण्यातूनच मिळवावी लागते.

मासा हा शीतरक्ताचा प्राणी. आपल्या शरीराचे तापमान बाहेर थंडी असो वा उकाडा, सदतीस अंशांच्या आसपास टिकते. माशाचे तसे नाही. भोवतालचे पाणी जितके उष्ण, जवळजवळ तितकेच त्याचे शरीर उष्ण. फायटरला २५ ते २८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. पाणी २० अंशांकडे उतरू लागले की त्याच्या शरीरातील रासायनिक क्रिया मंदावतात, अन्न पचत नाही, तो तळाशी पडून राहतो आणि रोगप्रतिकारशक्ती घटल्याने पांढऱ्या ठिपक्यांसारख्या रोगांना बळी पडतो. याउलट पाणी ३२ अंशांच्या वर गेले की शरीरव्यापार वेगाने चालतो, प्राणवायूची गरज वाढते, आणि नेमका त्याच वेळी पाण्यातील प्राणवायू घटतो. २० अंशांना एका लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच. शिवाय माशाच्या मलमूत्रातून व उरलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया उष्ण पाण्यात अधिक विषारी ठरतो.

आता टाकीच्या आकाराचा प्रश्न. येथे थोडे अंकगणित करणे इष्ट ठरेल. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असला, तरी हे गणित शालेय पाठ्यपुस्तकापलीकडचे नाही. प्रत्येक बाजू १० सेंटिमीटर असलेल्या घनाकृती भांड्यात १ लिटर पाणी मावते व त्याचे एकूण पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर भरते. बाजू दुप्पट केली, म्हणजे २० सेंटिमीटर, की ८ लिटर पाणी मावते, पण पृष्ठफळ २४०० चौरस सेंटिमीटरच होते. म्हणजे दर लिटरमागे ६०० ऐवजी ३००. उष्णतेची ये-जा पृष्ठभागातून होत असल्याने मोठ्या टाकीचे पाणी निम्म्या वेगाने तापते आणि निम्म्या वेगाने निवते. लहान वाडग्यातील मासा दिवसभर खोलीच्या हवेबरोबर वरखाली होत राहतो. थायलंडच्या खाचरांतही पाणी दुपारी तापते, हे खरे. परंतु तेथे मासा गवताच्या सावलीत किंवा खोल जागी सरकू शकतो. वाडग्यात सरकायला जागा नाही. म्हणून निदान १० लिटरची टाकी घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. वाडगा दिसायला सुबक असतो, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

सुरतेचा हिवाळा फार कडक नसतो. तरीही पोंकाच्या दिवसांत, म्हणजे आपल्या खानदेशातील हुरड्याच्या हंगामात, पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो. पत्र्याच्या छपराची खोली रात्री झपाट्याने थंड होते आणि टाकी तिच्या मागोमाग. यावर खात्रीचा उपाय म्हणजे स्वयंनियंत्रक असलेला लहान विद्युत तापक. १० लिटरच्या टाकीला २५ वॅटचा पुरतो. २५ वॅट म्हणजे ताशी सुमारे साडेएकवीस किलोकॅलरी उष्णता. बाहेर जाणारी उष्णता क्षणभर बाजूला ठेवली, तर १० लिटर पाणी तासाला दोन अंशांनी चढेल. हा वेग माशाला सोसवतो. १०० वॅटचा तापक घेऊन ‘लवकर गरम होईल’ असा हिशेब करणे घातक आहे, कारण नियंत्रक अडकला तर तासाभरात पाणी आठ अंशांनी चढते.

विजेच्या बाबतीत हयगय मुळीच चालणार नाही. तापक पाण्यात पूर्ण बुडाल्याशिवाय कळ दाबू नये. पाणी बदलताना आधी कळ बंद करून पंधरा मिनिटे थांबावे, नाही तर तापलेली काच उघडी पडून तडकते. वायर खोबणीकडे जाताना मध्ये थोडी खाली लोंबती ठेवावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी खोबणीत न जाता जमिनीवर पडते. घरात गळतीचा प्रवाह तोडणारे उपकरण बसवलेले नसेल, तर कळ बंद केल्याशिवाय टाकीत हात घालू नये. लहान मुलांना तर हे काम देऊच नये.

तापक घेणे शक्य नसेल त्यांनी टाकी बाहेरच्या भिंतीपासून व खिडकीपासून दूर ठेवावी, तिच्याखाली थर्मोकोलचा तुकडा सारावा, तिन्ही बाजूंना जाड कापड गुंडाळावे आणि वर छिद्रे असलेले झाकण ठेवावे. झाकणाचे महत्त्व पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. फायटर पृष्ठभागावरची हवा घेतो; ती थंडगार असता कामा नये. झाकणामुळे पाण्यालगतचा हवेचा थर दमट व उबदार राहतो, आणि उडी मारून बाहेर पडण्याच्या या माशाच्या सवयीलाही आळा बसतो.

उन्हाळ्याची कथा अधिक कठीण आहे. एप्रिल-मे महिन्यांत सुरतेत पारा कधी कधी चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहूनही अधिक उकडते. हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, तरी कामगाराच्या डोक्यावरचा पत्रा बदललेला नाही. तेव्हा माशाला वातानुकूलन सुचवणे हा विनोदच ठरेल. घाबरून पाण्यात बर्फ टाकण्याची चूक येथे सर्रास होते. शंभर ग्रॅम बर्फ ३० अंशांच्या एक लिटर पाण्यात टाकला, तर पाणी थेट २० अंशांवर येते. दहा अंशांचा हा धक्का माशाला उन्हाहून वाईट. तोच बर्फ दहा लिटरमध्ये टाकल्यास पाणी जेमतेम एक अंशाने उतरते. बर्फ वापरायचाच असेल, तर बंद बाटलीत गोठवलेले पाणी मोठ्या टाकीत तरंगत ठेवावे आणि तापमापकावर नजर ठेवून बाटली काढून घ्यावी.

याहून चांगला उपाय आपल्या माठाने पिढ्यान्‌पिढ्या शिकवला आहे. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याच्या वाफेबरोबर सुमारे ५८० किलोकॅलरी जातात. दहा लिटरच्या टाकीतील १०० मिलिलिटर पाणी उडाले, तर त्या हिशेबाने जवळजवळ सहा अंशांची उष्णता निघून जाते. बाहेरून नवी उष्णता येत राहिल्याने प्रत्यक्ष फरक कमी पडतो, पण दोनतीन अंशही मोलाचे. यासाठी झाकणाऐवजी जाळी ठेवून पंख्याचा झोत पृष्ठभागावर येऊ द्यावा. टाकीभोवती सुती ओले फडके गुंडाळल्यास काच माठाप्रमाणे निवते. उडालेल्या पाण्याची भर रोज घालावी. आषाढ-श्रावणात मात्र हवाच पाण्याने भरलेली असल्याने हा उपाय लंगडा पडतो. सुदैवाने त्या दिवसांत उकाडाही उतरलेला असतो.

हिऱ्यांच्या कचेऱ्यांतून टेबलावर वाडगा ठेवण्याची प्रथा दिसते, तिच्याविषयीही दोन शब्द. तेथे वातानुकूलनयंत्र दिवसा चालते, रात्री बंद होते. मासा रोज दोन ऋतू भोगतो. अशा जागी तापक व झाकण असलेली टाकीच हवी.

पाणी बदलण्याच्या वेळी होणारा घात सर्वांत अधिक आणि सर्वांत सहज टाळता येण्याजोगा आहे. समजा, टाकीत २६ अंशांचे १० लिटर पाणी आहे. त्यातील अडीच लिटर काढून १८ अंशांचे नळाचे पाणी ओतले, तर मिश्रण २४ अंशांवर येते. निम्मे पाणी बदलले तर २२ वर. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतील पाणी याच्या उलट्या दिशेने घात करते. म्हणून चौथ्या हिश्श्याहून अधिक पाणी एका वेळी बदलू नये. बदलायचे पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून टाकीशेजारीच ठेवावे. चोवीस तासांत ते खोलीच्या तापमानाला येते व त्यातील मोकळा क्लोरीनही बराचसा निघून जातो. टाकीत तापक असेल, तर बादलीत थोडे कोमट पाणी मिसळून दोन्हीकडचे तापमान जुळवावे. बोट बुडवून अंदाज घेण्यात अर्थ नाही. थंडीत गारठलेल्या बोटाला २० अंशांचे पाणीही कोमट भासते. काचेचा साधा अल्कोहोलचा तापमापक माशाच्या किमतीहून फार महाग नसतो. पाऱ्याचा मात्र टाकीत घालू नये.

नवा मासा पिशवीतून आणल्यावर ती बंद पिशवी प्रथम पंधरावीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी. नंतर तिचे तोंड उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतील पाणी वाटीवाटीने तिच्यात घालावे आणि अर्ध्या तासाने मासा जाळीने उचलून टाकीत सोडावा. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. त्या दिवशी खाद्य देण्याची घाई नको.